भुऱ्याची जोडी

भुऱ्याला फिरवून आणायचं काम कारभारी आबांकडे आहे, असं घरात समजलं जाई. प्रत्यक्षात भुऱ्याच आबांना फिरवून आणी. सकाळी आठच्या सुमारास सिडकोतल्या त्या रो-हाउसच्या ओळीत आधी एक तांबूस, दांडगं कुत्रं दिसे, मग ताणलेला पट्टा, आणि पट्ट्याच्या दुसऱ्या टोकाला एका हातानं टोपी नि दुसऱ्या हातानं धोतर सावरत येणारे आबा. वय वर्षं बहात्तर. पट्टा कोणत्या हातात असे, हे त्यांनाही सांगता आलं नसतं. देवगाव रंगारीला असताना याच माणसानं बिथरलेले बैल नुसत्या आवाजावर जागीच उभे केले होते. पण बैलाला माणसाची भाषा कळते, आणि हे कुत्रं इंग्रजी शाळेतल्या पोराच्या हाताखाली वाढलेलं होतं.

कुत्रं मूळ नातवाचं. त्यानं हट्ट करून आणलं, ब्रुनो असं नाव ठेवलं आणि आठ महिन्यांत शिकायला पुण्याला निघून गेला. घरचं झालं थोडं न् व्याह्यानं धाडलं घोडं, तशातली गत. मुलगा काकासाहेब वाळूजच्या कारखान्यात सुपरवायझर, त्याची कंपनीची बस पावणेसातला. सूनबाई जालन्याला बँकेत, तिची गाडी त्याच्याही आधी. सकाळी सात ते संध्याकाळी सात घरात दोनच जीव, एक आबा आणि एक ब्रुनो. ब्रुनो हे नाव आबांच्या तोंडात बसेना, म्हणून त्यांनी त्याचं भुऱ्या करून टाकलं. गावाकडे विकलेल्या शेवटच्या बैलाचं नावही भुऱ्याच होतं, पण हे त्यांनी कुणाला सांगितलं नाही.

बायको लक्ष्मीबाई गेल्या, जमीन बटाईनं दिली आणि आबा शहरात आले, त्याला दोन वर्षं होऊन गेली होती. एवढ्या काळात ओळीतल्या एकाही माणसाशी त्यांची धड ओळख झाली नव्हती. गावात माणूस नुसता चपला घालून बाहेर पडला तरी चार जण 'कुठं निघाला' म्हणून विचारतात. इथं आबा दिवसभर पायरीवर बसून राहिले तरी कुणी विचारत नसे. गाड्या आत जात, गाड्या बाहेर येत, आणि फाटकं लागत. मग आबा भुऱ्याशी बोलत. पाऊसपाण्यापासून लक्ष्मीबाईंच्या शेवटच्या दुखण्यापर्यंत सगळं त्याला सांगून झालं होतं. तो निदान ऐकताना कान तरी हलवत असे.

चैत्रात एका सकाळी भुऱ्याला मांजर दिसलं. मांजर आणि भुऱ्या यांच्यामध्ये टाकळीकरांच्या दमयंतीबाईंच्या कुरडया होत्या. पहाटे उठून, चीक शिजवून, जुन्या साडीवर ओळीनं घातलेल्या, अजून ओल्या. मांजर त्यांच्यावरून हलक्या पायानं गेलं. भुऱ्या जड पायानं गेला. आणि आबा मधोमध बसले. ओल्या कुरडयांवर माणूस बसला की कुरडया तर उरतच नाहीत, पण माणसाचाही फारसा मान उरत नाही. दमयंतीबाईंनी तोंडातून शब्द काढला नाही, नुसतं पाहत राहिल्या. त्या काही बोलल्या असत्या तर बरं झालं असतं, असं आबांना घरी येऊन धोतर धुताना वाटलं.

संध्याकाळपर्यंत ही हकिकत ओळीतल्या सगळ्या मोबाइलवर पोचली होती. काकासाहेबाला ती बसमध्येच कळली. घरी येताच त्यानं निकाल दिला, की कुत्र्याचं शेपूट नळीत घातलं तरी वाकडं ते वाकडंच. पाचोडचे पुंजाराम, म्हणजे आबांचे साडू, यांना मोसंबीच्या बागेत राखणीला कुत्रं हवंच होतं. दोन आठवड्यांनी रविवारी ते मोसंबीची गाडी घेऊन शहरात येणार होते, जाताना घेऊन जातील. तिथं मोकळं राहील, आबांचीही कटकट जाईल.

आबांनी भाकरीचा तुकडा ताटात ठेवला. "दोन हप्त्यांत पट्ट्यावर गप चालाया लागलं तर?"

"चाललं तर राहू द्या," काकासाहेब म्हणाला. "पण नाय चालायचं ते, आबा."

मुलगा वाईट नव्हता. त्यानं स्वतःच मोबाइलवर कुत्र्यांच्या मास्तरांचे व्हिडिओ काढून दिले. त्यात एक गोरा माणूस सांगत होता, की कुत्र्यानं ओढलं की जागीच थांबायचं, ते शांत झालं की बिस्किट द्यायचं. आबांनी मनापासून करून पाहिलं. भुऱ्यानं ओढलं, आबा थांबले, भुऱ्या शांत झाला, बिस्किट मिळालं. लगेच भुऱ्यानं पुन्हा ओढलं. दोन दिवसांत त्याला एवढं पक्कं कळलं, की ओढल्याशिवाय बिस्किट नाही. तिसऱ्या दिवशी तो दर चार पावलांवर एक हिसका द्यायचा आणि मागं वळून हात कुठवर आला ते पाहायचा. आबांचा खांदा निखळायचा राहिला होता, आणि पुडे संपले होते.

त्या दुपारी आबा पायरीवर बसून विचार करत होते. गोऱ्हा पहिल्यांदा औताला धरतात तेव्हा त्याला एकट्याला कुणी जुंपत नाही. एका बाजूला मुरलेला, थोराड बैल, दुसऱ्या बाजूला गोऱ्हा. गोऱ्हा उड्या मारतो, तासातून बाहेर पळायला पाहतो, पण म्हातारा आपल्या चालीनं चालत राहतो. शेवटी मानेला रग लागली की गोऱ्हा आपोआप त्याच्या पावलाला पाऊल लावतो. आबांनी असे अकरा गोऱ्हे वळणावर आणले होते, एकालाही बिस्किट न देता. आता प्रश्न एवढाच होता, की मुरलेलं कुत्रं कुठून आणायचं.

ते समोरच बसलं होतं. ओळीत एक म्हातारं, काळं, भटकं कुत्रं होतं. अंगानं जाड, चालीनं संथ, भुंकण्याच्या भानगडीत न पडणारं. मोटार अंगावर आली तरी ते रस्ता सोडत नसे, मोटारच बाजूनं जाई. आबांनी त्याला मनातल्या मनात म्हातारबा म्हणायला सुरुवात केली आणि दुसऱ्याच दिवशी शहरबस धरून शहागंजचा बाजार गाठला. पट्ट्याबिट्ट्यावर त्यांचा विश्वास राहिला नव्हता. त्यांना सुती कासरा हवा होता, बैलाचा. दुकानदारानं कासरा काढून दिला आणि राहतात कुठं ते विचारलं. आबांनी सांगितल्यावर तो म्हणाला, "सिडको में बैल कायकू बांधरे चाचा?" आबा म्हणाले, "बैल नाय, दोन कुत्रे हायत." दुकानदारानं पुढं काही विचारलं नाही, पण कासरा बांधून देताना तो जरा लांब सरकून उभा राहिला.

सोमवारी जोडी जुंपली. दोघांच्या गळ्यांमध्ये हातभर दोर आणि आबांच्या हाती कासरा. शिळ्या भाकरीवर म्हातारबानं गळ्यात दोर घालून घेतला. फाटकाबाहेर पडताच भुऱ्यानं सवयीप्रमाणे झेप घेतली. म्हातारबा खाली बसला. भुऱ्या डावीकडे गेला, उजवीकडे गेला, दोन पायांवर उभा राहिला, आणि म्हातारबा बसूनच राहिला. दहा मिनिटांनी भुऱ्या दमला, तेव्हा म्हातारबा उठला आणि आपल्या चालीनं निघाला. गुरुवारपर्यंत दोन्ही कुत्री खांद्याला खांदा लावून चालू लागली. कासरा सैल. आबांनी बऱ्याच दिवसांनी टोपी डोक्यावर नीट बसवली.

फक्त एक गोष्ट त्यांच्या ध्यानात आली नव्हती. मुरलेला बैल चालतो तो धन्याच्या शेतात. म्हातारबा चालत होता तो स्वतःच्या. त्याचा सकाळी आठचा फेरा गेली सात वर्षं ठरलेला होता. ओळीतली सात दारं, प्रत्येक दारात थांबायचं, आणि काहीतरी मिळाल्याशिवाय हलायचं नाही.

पहिलं दार वच्छलाबाईंचं. साठीपुढच्या विधवा, मुलगा परदेशात, घरात एकट्या. म्हातारबा त्यांच्या फाटकाशी जाऊन बसला. त्याच्या शेजारी भुऱ्या बसला. आबांनी हळूच कासरा ओढला, मग जोरात ओढला, मग नाइलाजानं तेही फाटकाशी उभे राहिले. वच्छलाबाई पोळी घेऊन बाहेर आल्या आणि पाहतात तर पाहुणे एकाचे तीन झालेले. कुत्र्यांना पोळी घातली आणि समोर म्हातारा माणूस उभा असताना आपण तसंच आत कसं जायचं, म्हणून लोणच्याच्या फोडीसकट एक पोळी त्यांनी आबांच्याही हातावर ठेवली. आबांना संकोच वाटला. पण दारात आलेल्या अन्नाला नाही म्हणायचं नसतं, असं ज्याला लहानपणापासून शिकवलेलं असतं, तो बिचारा दुसरं काय करणार. त्यांनी पोळी खाल्ली.

"घरी कोण असतं?" वच्छलाबाईंनी विचारलं.

"कुणीच नाय. सात ते सात कुणी नाय."

"अन् जेवण?"

"झाकून ठेवतेत. पर एकट्याला घास उतरत नाय बगा."

यात एक अक्षर खोटं नव्हतं. पण खरं बोलणंसुद्धा सात दारं फिरलं की ओळखू येत नाही. दुसऱ्या दारापर्यंत ते 'म्हाताऱ्याच्या घशाखाली उतरत नाही असलं काहीतरी झाकून ठेवतात' असं झालं. चौथ्या दारात कुणीतरी आबांना फिरायला निघताना घराला कुलूप लावताना पाहिलं होतं. सातव्या दारापर्यंत 'सून कुलूप लावून जाते, म्हातारा आठ वाजेपासून कुत्र्यांबरोबर दारोदार फिरतो' इथवर गोष्ट आली. कुरडया तुडवल्या गेल्या त्या दमयंतीबाईंना तर फार लागलं. भुकेला माणूस आपल्या कुरडयांत पडला आणि आपण नुसतं पाहत राहिलो, असं त्यांना वाटू लागलं. दुसऱ्या दिवसापासून त्यांच्या दारात उपमा मिळू लागला. ओळीच्या टोकाला इस्त्रीच्या टपरीत साळूबाई होत्या, मूळच्या कन्नड तालुक्यातल्या, म्हणजे आबांच्याच भागातल्या. त्या तर आबांसाठी वेगळी ज्वारीची भाकरी थापू लागल्या.

आबांना यातलं काहीच ठाऊक नव्हतं. त्यांना एवढंच दिसत होतं, की दोन वर्षं मुकी असलेली दारं आता उघडत होती. वच्छलाबाई मुलाचे फोटो दाखवत. टाकळीकरांचे श्रीधरराव, कोर्टातून निवृत्त झालेले कारकून, त्यांना बंगईवर, म्हणजे झोपाळ्यावर, बसवून पेपर वाचून दाखवत. साळूबाई गावाकडचं कोण गेलं, कोण राहिलं ते सांगत. भुऱ्याला तर आबांनी आता बोलायला वेळच ठेवला नव्हता. शहरातली माणसं चांगली असतात, नुसती त्यांची फाटकं जड असतात, असं ते एकदा साळूबाईंना म्हणालेसुद्धा.

इकडे घरात झाकून ठेवलेलं ताट रोज तसंच राहू लागलं. सूनबाईला काळजी लागली. बुधवारी रजा टाकून ती आबांना डॉक्टरकडे घेऊन गेली आणि अन्नावरची वासनाच उडाली म्हणून सांगितलं. डॉक्टरनं वजन केलं. ते मागच्या वेळेपेक्षा दोन किलोंनी वाढलं होतं. डॉक्टरनं काटा बदलून पाहिला, तिथं सव्वादोन भरलं. सूनबाईनं घरी येऊन झाकलेलं ताट पुन्हा उघडून पाहिलं.

शनिवारी संध्याकाळी श्रीधरराव आणि दमयंतीबाई काकासाहेबाकडे आले. दमयंतीबाईंच्या हातात डबा होता आणि श्रीधररावांच्या हातात ज्येष्ठ नागरिकांच्या कायद्याचं छापील पत्रक. पुंजाराम दुसऱ्या दिवशी सकाळी अकराला येणार होते, म्हणून काकासाहेबाला वाटलं, कुत्र्याची तक्रार असेल. तो म्हणाला, "उद्या जाणार आहे ते. काळजी करू नका."

"विषय कुत्र्याचा नाही," श्रीधरराव म्हणाले. "नाजूक आहे. वडिलांना आठवड्यातून एखादा दिवस तरी पोटभर जेवायला घालावं, असं आम्हा सगळ्यांना वाटतं. जमत नसेल तर तसं सांगा, आम्ही ओळीतले लोक वाटून घेऊ."

काकासाहेबाला आधी ते कळलंच नाही. कळलं तेव्हा तो उठून उभा राहिला आणि पुन्हा बसला. सूनबाईनं फ्रिजचं दार उघडून सगळी भांडी पाहुण्यांसमोर मांडायला सुरुवात केली, साक्षीपुराव्याला मांडतात तशी. दमयंतीबाईंनी प्रत्येक झाकण उघडून पाहिलं. भरल्या वांग्यांना वास चांगला आहे एवढं त्यांनी कबूल केलं, पण डबा मात्र ठेवूनच गेल्या.

आबा आतल्या खोलीत होते. पाहुणे गेल्यावर काकासाहेब दारात येऊन उभा राहिला. "आम्ही तुम्हाला उपाशी ठेवतो, आबा?"

"मी तसं कुणाला म्हणलो नाय."

"मग लोकांच्या दारात कामून खात होतात?"

आबा भिंतीकडे पाहत म्हणाले, "लोक बोलवत व्हते."

बोलता बोलताच त्यांना कळलं, की कुणी बोलावलं नव्हतं. लोकांनी कीव केली होती. बंगई, उपमा, परदेशातल्या मुलाचे फोटो, सगळं एका भुकेल्या म्हाताऱ्यासाठी होतं, आणि तो म्हातारा आबा नव्हतेच. अकरा गोऱ्हे वळणावर आणलेला माणूस आठ-दहा दिवस दारोदार भीक मागत हिंडला आणि त्याला पत्ताच लागला नाही.  लक्ष्मीबाई गेल्या त्या दिवसानंतर इतकं एकटं त्यांना कधी वाटलं नव्हतं.

रविवारी आठला म्हातारबा फाटकाशी हजर झाला. आतून भुऱ्यानं शेपूट आपटायला सुरुवात केली. आबा उठले नाहीत. म्हणाले, "मी नाय जात आता. मला त्या दारांत तोंड दाखवायचं नाय."

"मी नेतो," काकासाहेब म्हणाला. त्याच्या डोक्यातून राग उतरला नव्हता. "आणि एकेकाच्या दारात सांगून येतो, आमच्या घरी अन्न आहे म्हणून."

त्यानं दोन्ही कुत्री बांधली आणि फाटक आपटून निघाला. आबांनी भुऱ्याची वाटी घासून पुसून ठेवली, जुना पट्टा गुंडाळला, उरलेलं खाणं पिशवीत भरलं. मग करायला काही राहिलं नाही, तेव्हा ते जिन्याला धरून धरून गच्चीवर गेले. तिथून ओळीतली पहिली चार दारं दिसत.

वच्छलाबाईंच्या फाटकाशी कुत्री बसली होती. काकासाहेब हात उडवून उडवून काहीतरी सांगत होता. वच्छलाबाई ऐकत होत्या. त्यानं कासरा ओढला, कुत्री हलली नाहीत. त्यानं पुन्हा हात उडवले. वच्छलाबाई आत गेल्या आणि प्लास्टिकची खुर्ची घेऊन बाहेर आल्या. काकासाहेबानं मान हलवून नाही म्हटलं, मग बसला. थोड्या वेळानं त्याच्या हातात बशी दिसली. पुढच्या दारात त्यानं हात जरा कमी उडवले. चौथ्या दारापर्यंत त्याचे हात खिशात गेले होते आणि तो मान खाली घालून ऐकत होता. तिथून वळणापुढं आबांना काही दिसलं नाही. ऊन चढलं तरी ते गच्चीवरच उभे राहिले.

पावणेदहाला तिघं परत आले. भुऱ्या म्हातारबाच्या पावलात पाऊल टाकत होता. काकासाहेबाच्या हातात दोन डबे आणि फडक्यात बांधलेली भाकरी होती. आबा खाली उतरून येईपर्यंत तो पायरीवर बसून बुटाची लेस सोडत होता.

"पुंजाराम मावसोबांना फोन केला," तो म्हणाला. "परस्पर पाचोडला जा म्हणलं. इकडं येऊ नका."

आबा पायरीवर टेकले. "कामून रं?"

"चालतंय की ते. आख्खी ओळ फिरलं, एकदा ओढलं नाय. मीच ओढत होतो."

आबांनी भुऱ्याच्या पाठीवर हात ठेवला. तो त्यांनी तिथंच राहू दिला. मग विचारलं, "सांगितलंस का सगळ्यांला, घरी अन्न हाय म्हणून?"

"सांगितलं. वच्छलाबाई म्हणल्या, परवाच कळलं होतं. उपाशी माणूस लोणच्याची फोड बाजूला काढून ठेवत नसतो म्हणे." त्यानं एक बूट काढला. "म्हणल्या, उद्या त्यांनाच पाठव. मी बी एकटीच जेवते, ते असले की पोळी खाल्ल्यासारखी वाटती."

 आबांनी टोपी काढून ती गुडघ्यावर झटकली. त्या टोपीवर धूळ नव्हती.

काकासाहेब एक बूट हातात धरून बसला होता. "दहा वर्षं झाली मला हे घर घेऊन, आबा. आज पहिल्यांदा कुणाच्या दारात बसलो. टाकळीकर सोडले तर सगळे विचारत होते, आपण कोण. मी म्हणलं, कारभारी आबांचा मुलगा. मग बस म्हणायचे."

"अन् तुझं नाव?"

"नाव कुणी विचारलंच नाय."

आबांनी मुलाकडे पाहिलं. चाळिशी ओलांडलेला, कानाशी पांढरा झालेला, बुटाकडे बघत बसलेला.

"पुढच्या रविवारी मी येतो संगं," ते म्हणाले. "वळख करून देतो तुझी."